शनिवारवाड्याच्या जोत्यावर

गतवर्षी १८ एप्रिल रोजी, जागतिक वारसा दिनी, ज्ञातीतील काही मुलांना बरोबर घेऊन आम्ही पुण्याचे जुने वाडे पाहावयास गेलो. सकाळी शनिवारवाडा पाहून ऊन चढण्याच्या आत विश्रामबागवाडा गाठावा, असा बेत होता. तो पारही पडला. परंतु पहिल्याच ठिकाणी आमची जी परीक्षा झाली, तिची हकीकत येथे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

थोरल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला व वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी केली. दोन्ही दिवस शनिवारच. उत्तराभिमुख दिल्ली दरवाजा आजही उभा आहे. त्याच्या दारांवरील अणकुचीदार खिळे, धडक मारणाऱ्या हत्तीच्या मस्तकास भिडावेत, अशा उंचीवर बसविलेले आहेत. मुले तेथून हलेनात!

आत शिरताच एका दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "गुरुजी, वाडा कुठे आहे?" भोवती नऊ बुरुजांचा तट, आणि मध्ये नुसती दगडी जोती, हौद व हिरवळ. आम्ही सवयीने सांगून टाकले, "बाळ, तो इंग्रजांनी जाळला."

तेव्हा एक मुलगी वहीत पाहून म्हणाली, "पण गुरुजी, इंग्रजांचे निशाण येथे १८१७ साली लागले आणि आग तर १८२८ सालची. मग अकरा वर्षांनी त्यांनी आपल्याच ताब्यातला वाडा का जाळला?"

आम्ही निरुत्तर झालो. तीस वर्षे वर्गात आम्ही हेच वाक्य सांगत आलो. आमच्या गुरुजींकडून घेतले, ते पडताळून पाहिले नाही. आग २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागली व कित्येक दिवस धुमसत राहिली. वरचे मजले लाकडाचे, ते गेले. खालचा दगड राहिला. आग कशाने लागली, याचा निर्णय आजवर झालेला नाही. आणि १७ नोव्हेंबर १८१७ रोजी ते निशाण चढविणारे बाळाजीपंत नातू हे तर आपल्याच मुलखातले गृहस्थ. हेही आम्ही वर्गात क्वचितच सांगितले.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांचा. सुरूच्या झाडाच्या घाटाचे त्याचे कोरीव लाकडी खांब पाहून आमच्यातील एक वृद्ध सुतारकाम जाणणारे गृहस्थ बराच वेळ त्यांवरून हात फिरवीत राहिले. १८२१ साली येथेच सरकारी संस्कृत पाठशाळा भरू लागली. मे १८७९ मध्ये या वाड्याचा काही भाग जळाला व बुधवारवाडा तर पार नाहीसा झाला. ती आग मात्र लावलेली होती, आणि लावणारा इंग्रज नव्हता. हे सांगताना त्या मुलीकडे पाहण्याचे आम्ही टाळले.

ही स्मरणिका वाचणाऱ्यांत आमचे जुने विद्यार्थी पुष्कळ असतील. शनिवारवाड्याविषयी आम्ही फळ्यावर लिहिलेले ते वाक्य त्यांनी कृपा करून पुसून टाकावे.