ताईमहाराज प्रकरण

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांची प्रसिद्धि इतकी मोठी कीं, ताईमहाराज प्रकरण त्यांमागें झांकून गेलें आहे. परंतु फौजदारी व दिवाणी न्यायांतील भेद ज्यास पहावयाचा असेल, त्यानें हेंच प्रकरण वाचावें.

बाबामहाराज १८९७ सालीं वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वयें टिळक विश्वस्त झाले. १९०१ च्या जूनमध्यें बाबामहाराजांच्या विधवेनें, ताईमहाराजांनीं, औरंगाबादेस जगन्नाथ नांवाचा मुलगा दत्तक घेतला. पुढें तें दत्तविधान त्यांनीं नाकारलें. तें झालें कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता.

खोट्या साक्षीबद्दल टिळकांस १९०३ त शिक्षा झाली. १९०४ त हायकोर्टानें ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र १९०६ त त्यांनीं जिंकला, १९१० त मंडालेच्या तुरुंगांत असतांना गमावला, व १९१५ त प्रिव्ही कौन्सिलांत पुनः जिंकला. तिन्ही न्यायासनांपुढें पुरावा तोच होता. वाचणारे डोळे निराळे.

फौजदारी कोर्टांत आरोपीस संशयाचा फायदा मिळतो. दिवाणी कोर्टास कोणा एकाचें म्हणणें खरें मानावेंच लागतें. म्हणूनच टिळकांवरील कलंक काहीं महिन्यांत धुऊन निघाला, पण त्या मुलाचा हक्क ठरण्यास चवदा वर्षें लागलीं. तोंवर त्याचें बालपण सरलें होतें. आणि तें परत देण्याचा अधिकार कोणत्याच न्यायासनास नव्हता.