हापसा विकत घेताना

आपल्या एका श्रोत्यानं पत्र पाठवलंय. गडी मूळचा भोरचा, सध्या पॅसिफिक महासागरातल्या एका बेटांच्या देशात नोकरीला. तिथले आरोग्याचे बरेच प्रकल्प बाहेरच्या देशांच्या पैशावर चालतात आणि त्यांना लागणाऱ्या वस्तूंची खरेदी करून देणं हे त्याच्या ऑफिसचं काम. तो लिहितो, ‘दादा, डॉक्टरांवर तुम्ही बोलता, साथींवर बोलता. टेंडर काढणाऱ्याला इतिहासात कधी जागा मिळणार?’

मिळेल की. आणि त्यासाठी मला मार्गासनी सोडून फार लांब जायचीही गरज नाही. नसरापूरहून वेल्ह्याकडं येताना, किंवा इथून साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला जाताना वाड्यावस्त्यांवर नीट बघा. कुठंतरी हापसा दिसेलच. एखादा चालू, एखाद्याचा दांडाच गायब. बाहेरून आलेल्या पैशातून आरोग्यासाठी झालेल्या खरेदीचा आपल्याकडचा सगळ्यात यशस्वी नमुना कुठला असं कुणी विचारलं, तर मी या हापशाकडं बोट दाखवीन. त्याची घडण जालन्यात आणि सोलापुरात सुरू झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

आधी जमिनीचं बोलू. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. आपल्या भागात पावसाळ्यात पाऊस असा कोसळतो की छत्री धरवत नाही, आणि तरी एप्रिल-मे आला की घागरी घेऊन पायपीट सुरू. कातळात पाणी साठतं ते भेगांमध्ये. हातानं विहीर खणायची तर सुरुंग लावून महिनोन्महिने काम चालतं. म्हणून पूर्वी गावं वरच्या पाण्यावर जगायची : ओढा, झरा, उघडी विहीर, बारव. आणि त्या पाण्यातून हगवण, पटकी, विषमज्वर यायचे.

नारूही यायचा. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरायचा, पायाच्या फोडातून जंताची पिल्लं पाण्यात पडायची, पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात जायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभरानं हातभर लांबीचा दोरा बाहेर यायचा. त्यावर ना लस होती, ना गोळी. उपाय एकच, पाण्यात पाय बुडता कामा नये. म्हणजे झाकलेलं पाणी हेच औषध. त्यामुळं हापसा पाणीपुरवठ्याच्या खात्यात मोडत असला तरी मी त्याला आरोग्याच्या खात्यात धरतो.

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफनं हवेच्या दाबावर कठीण खडक फोडणारी यंत्रं भारतात आणली. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचं अशाच यंत्रांनी बोअर मारायचं काम त्याच सुमाराला सुरू होतं. मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच, मी लांबण लावत नाही. खडी फोडायची कामं, मिलो आणि सुकडी, आणि गावोगाव बोअरच्या गाड्या. जिथं विहिरीला महिने लागायचे तिथं बोअर दिवसा-दोन दिवसांत व्हायला लागली.

यंत्र आलं, भोक पडलं, पाणी लागलं. आता वर बसवायचं काय?

इथं खरी गोष्ट सुरू होते. बसवले गेले ते बिडाचे पंप. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या अंगणात असायचे, त्यांच्या नकला. तिकडं एक कुटुंब दिवसातून चार-दोन बादल्या उपसणार. इकडं दोन-तीनशे माणसांची वस्ती, पहाटे अंधारात सुरू झालेली रांग रात्रीपर्यंत, आणि पाणी किती तरी जास्त खोल. बीड हे ठिसूळ काम. दांड्याच्या खिळीचं भोक झिजून मोठं व्हायचं, दांडा लचकायचा, एक दिवस तडा जायचा. १९७० च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा कळलं, की खोल बोअरवरचे साधारण ७५ टक्के हातपंप बंद आहेत. दर चारातले तीन! बोअर मारायला खर्च भरपूर, आणि सगळी मेहनत वाया गेली ती त्यावरच्या सगळ्यात स्वस्त वस्तूमुळं.

पंप स्वस्त होते म्हणून घेतले गेले, यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. कागदावर ‘हातपंप, एक नग’ एवढंच लिहिलं की सगळ्यात कमी दराचा नग येणार. किती माणसं वापरणार, किती खोलीवरून पाणी ओढायचं, मोडला तर कोण उघडणार, यातलं काही मागितलंच नव्हतं, तर मिळणार कुठून?

उत्तर आलं ते रोज पंप दुरुस्त करून हात काळे झालेल्या लोकांकडून. जालन्यात बिडाऐवजी पोलादाचा पंप जोडून झाला, दांडा एकाच खिळीवर फिरणारा. सोलापूरच्या मंडळींनी तो आणखी पक्का केला. दांड्याच्या टोकाला साखळी लावली, त्यामुळं खालची सळई सरळ रेषेत वर ओढली जाते, आडवी घासत नाही. खिळीच्या जागी बॉलबेअरिंग घातलं. पंपाचा पाया बोअरच्या केसिंगवर न टेकवता भोवतीच्या काँक्रीटमध्ये घट्ट रोवला. हे शेवटचं फार महत्त्वाचं बरं का, कारण त्यामुळं वर सांडलेलं घाण पाणी परत बोअरमध्ये उतरत नाही. उगाच नाही मी याला औषध म्हणत.

पण जालना पंपाच्या नकला गावोगावच्या वर्कशॉपांनी केल्या आणि प्रत्येकाचं माप निराळं. एकाचं बेअरिंग दुसऱ्याला बसेना. चांगली वस्तू सापडणं आणि चांगली वस्तू हजारांनी विकत घेता येणं, यांत मोठं अंतर आहे. ते अंतर सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून कापलं. सोलापूर पंप नमुना धरला, मद्रासच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा पक्का झाला, कोइमतूरकडं खोल बोअरवर चाचण्या झाल्या आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीत उत्पादन सुरू झालं. नाव पडलं इंडिया मार्क टू. १९७९ मध्ये भारतीय मानक आलं, आयएस ९३०१. पत्र्याची जाडी, जस्ताचा थर, साखळी, बेअरिंग, सगळं आकड्यांत.

पेटंट मात्र घेतलं नाही. कुणीही बनवावा, फक्त मापात बनवावा. युनिसेफनं आधी कारखाना तपासायचा, मग त्याला पुरवठादारांच्या यादीत घ्यायचं, आणि माल निघण्यापूर्वी स्वतंत्र तपासनीसाकडून पारखून घ्यायचा, अशी शिस्त लावली. कारखाने वाढले, स्पर्धा वाढली, किंमत आटोक्यात राहिली आणि तरी एकाचा वायसर दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. टेंडरमधली ‘सगळ्यात कमी दर’ ही अट तीच होती, पण आता सगळ्यांना एकच वस्तू द्यायची होती. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात हुशार भाग हाच.

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांचं पाणी-दशक. त्या काळात मार्क टू लाखांनी बसला, आफ्रिकेतही गेला. युगांडानं त्याच्यावरून स्वतःचे यू-टू आणि यू-थ्री पंप केले. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. ते श्रेय एकट्या हापशाचं नाही. बारवांच्या पायऱ्या बंद करणारे, पाणी गाळायला फडकी वाटणारे, घरोघर रुग्ण शोधणारे असे पुष्कळ जण होते.

दोषही सांगतो. मार्क टूच्या सिलिंडरमधला चामड्याचा वायसर बदलायचा तर सगळे पाइप वर खेचावे लागतात. तिकाटणं, साखळीपाने आणि चार-पाच माणसं हवीत. म्हणून पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाची गाडी येईपर्यंत गाव थांबायचं. पुढं आलेल्या मार्क थ्रीला रुंद पाइप आहे, त्यातून दट्ट्या तेवढा वर काढता येतो. आफ्रिकेत आणखी एक घोटाळा झाला. काही भागांत भूजल आम्लधर्मी, त्यात जस्ताचे पाइप सडायला लागले, पाण्याला लाल रंग आणि लोखंडाची चव, आणि बाया परत ओढ्यावर. पंप मानकाप्रमाणं अगदी बरोबर होता. पाणी तपासून मगच ऑर्डर द्यायची, एवढंच राहून गेलं.

तर भोरच्या मित्रा, तुझ्या बेटाजवळ ना कारखाना, ना तालुक्याचं दुकान. सुटा भाग जहाजानं येणार. पंप असो, फ्रीज असो की तपासणीचं यंत्र, मागणीच्या कागदावर दोन वर्षांचे वायसर आणि तो बदलणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण पहिल्याच दिवशी लिही. नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आपल्याकडं आता काही बोअरवर हापशाबरोबरच सौर पंपही बसतोय, त्याला दुहेरी पंप योजना म्हणतात. वर टाकी, वस्तीत नळ. ढग दाटले की बाया पुन्हा दांड्याला हात घालतात. नारूवर मात्र पुढचा सबंध भाग करू. घरातल्या कुणाला आठवणी असतील तर पाठवा.