‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे काय, आणि ते आपल्याला कळलं कसं?

गेल्या दिवाळीत पिशोरला गेले होते. मी पीएचडी करते म्हणजे नक्की काय करते हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही, पण ‘पोरीला रक्ताचे रिपोर्ट वाचता येतात’ एवढं मात्र गावात पसरलंय. त्यामुळे नात्यातल्या एका वहिनींनी मला मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि मोबाईलवरचा फोटो दाखवला. दादांचा एचआयव्हीचा रिपोर्ट होता. व्हायरल लोड : टार्गेट नॉट डिटेक्टेड.

“ताई, हे चांगलं का वाईट? रोग सापडलाच नाही म्हणतेत, मग गोळ्या बंद करायच्या का? आन् मला होईल का?”

(त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. तिसऱ्याचं उत्तर मी लगेच दिलं, पण ते उत्तर जगाला मिळायला पंचवीस वर्षं लागली आणि त्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात चेन्नईपासून करू. तिथे चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका मराठी घरात, गायतोंड्यांच्या घरात, सुनीती जन्मल्या. लग्नानंतर त्या डॉ. सुनीती सोलोमन झाल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. तेव्हा भारतात समज असा होता की एड्स हा परदेशातला रोग, आपल्याकडे काय येणार! सोलोमनबाईंनी आपल्या विद्यार्थिनीला, डॉ. निर्मला यांना, हाच विषय दिला. निर्मलांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते ठेवायला नीट सोय नव्हती, म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. (आमच्या लॅबमध्ये आज असं कुणी केलं तर गाइड काय म्हणतील, याचा विचारही नको.) 1986 च्या फेब्रुवारीत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चाचणी झाली. एलायझा चाचणीत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर खाचेतल्या द्रावणाला रंग येतो. सहा नमुने पिवळे झाले. पुन्हा रक्त घेऊन अमेरिकेत खात्री केली, तेव्हाही तेच. भारतात एचआयव्ही आहे, हे असं कळलं. पुढे 1993 मध्ये सोलोमन यांनी वडिलांच्या नावाने, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने, चेन्नईत केंद्र काढलं. ते या गोष्टीत पुन्हा येईल.

कळल्यावर आपण काय केलं? घाबरलो. गोव्यात 1989 मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुण रक्तदात्याला, केवळ रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून, पोलिसांनी नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात 64 दिवस एकटं डांबून ठेवलं. कायदाच तसा होता. आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. डॉमिनिक 1992 मध्ये वारले. विज्ञानाला तोवर माहीत होतं की हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंध, रक्त, वापरलेली सुई आणि आईकडून बाळाला, एवढ्याच वाटांनी जातो. हवेतून नाही, ताटातून नाही. डासातूनही नाही, कारण डासाच्या पोटात तो वाढत नाही, पचून जातो. तरीही माणूस कोंडला गेला.

औषधाची गोष्ट मुंबईची आहे. 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो हे सिद्ध झालं, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं. म्हणून मुंबईच्या सिप्लाला तीच औषधं वेगळ्या पद्धतीने बनवता आली. फेब्रुवारी 2001 मध्ये युसूफ हमीद यांनी तिन्ही औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमीत, द्यायची तयारी दाखवली. भारत सरकारचे मोफत उपचार मात्र 1 एप्रिल 2004 पासून. तेही सुरुवातीला फक्त आठ केंद्रांत, आणि सीडी4 पेशी 200 च्या खाली गेल्या किंवा आजार फार वाढला तरच. म्हणजे आधी खंगायचं, मग गोळी.

आता वहिनींचा प्रश्न. गोळ्या घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होते का? अंदाज होता, पुरावा नव्हता. त्यासाठी एचपीटीएन 052 नावाचा अभ्यास झाला : नऊ देश, 1763 जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. भारतात दोन केंद्रं होती. एक चेन्नईचं गायतोंडे केंद्र, दुसरी पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, भोसरीची ‘नारी’. निम्म्यांना लगेच गोळ्या, निम्म्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे सीडी4 घसरल्यावर. कंडोम आणि समुपदेशन सगळ्यांनाच.

या अभ्यासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढे आहे. नव्याने लागण झालेले 39 जण निघाले. पण ती जोडीदाराकडूनच झाली कशावरून? एचआयव्ही आपली नक्कल करताना सतत चुका करतो, त्यामुळे प्रत्येकाच्या शरीरातला विषाणू थोडा वेगळा होत जातो. संशोधकांनी दोघांच्या विषाणूंची जनुकं ताडून पाहिली. 28 जुळल्या. त्यातल्या 27 उशिरा गोळ्या दिलेल्या गटातल्या. लगेच दिलेल्या गटात? एक. म्हणजे 96 टक्के कमी. फरक इतका स्पष्ट होता की मे 2011 मध्ये, ठरल्यापेक्षा बरंच आधी, निकाल जाहीर करून सगळ्यांना गोळ्या देऊ केल्या. पुढच्या पाठपुराव्यात, विषाणू पूर्ण दबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही. भारतात 2017 पासून सीडी4 कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात, त्यामागे हे पुरावे आहेत.

वहिनींना मी एवढं सगळं नाही सांगितलं. सांगितलं ते असं : हा विषाणू आपल्या पेशींच्या जनुकांत स्वतःला शिवून घेतो, आणि त्यातल्या काही पेशी झोपून राहतात. गोळी जाग्या विषाणूला अडवते, झोपलेल्याला नाही. ‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे रक्तात मोजण्याइतका उरला नाही, गेला नाही. गोळ्या थांबवल्या तर काही आठवड्यांत परत येतो. चुकवल्या तर त्या औषधाला दादही देईनासा होतो. रोज घेतल्या आणि रिपोर्ट सहा महिने असाच राहिला, तर संबंधातून तुम्हाला लागण होणार नाही.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मंग लेकरू?”

होऊ शकतं, म्हटलं. पण आधी दोघांनी मिळून घाटीच्या एआरटी केंद्रात डॉक्टरांशी बोला, आणि तुमचीही तपासणी करून घ्या. ती मोफत असते, आणि तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही असा 2017 चा कायदाच आहे. घाटीला जाताना ओळखीचं कुणी भेटेल ही त्यांची भीती मात्र मला काढता आली नाही. 1097 हा मोफत हेल्पलाइन नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला. कुणाच्या नावाने करू विचारलं, तर म्हणाल्या, “गॅसवाला लिहा.”