टायरानोसॉरसला बोटे किती?

आवडत्या चित्रपटातील एखादा प्रसंग निवडायचा, त्यातील पात्रांच्या वीत-दीडवीत उंचीच्या आकृती घडवायच्या, रंगवायच्या आणि तो प्रसंग एका फळीवर माती, दगड, झाडांसह उभा करायचा, असा एक छंद जगात अनेक ठिकाणी जोपासला जातो. या आकृतींना ॲक्शन फिगर म्हणतात आणि मांडलेल्या देखाव्याला डायोरामा. प्रथमदर्शनी हा पोरखेळ वाटेल. पण त्याचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्यांच्या कामाचा एक प्रश्न त्यात आम्हाला सापडला.

समजा, कोणी १९३३ च्या ‘किंग काँग’मधला प्रसिद्ध झुंजीचा प्रसंग करायला घेतला आहे. अवाढव्य वानर काँग नायिकेला झाडावर ठेवतो, टायरानोसॉरसशी झटापट करतो आणि शेवटी त्याचा जबडा फाडतो. काँग तयार झाला, डायनोसॉरचे धड झाले, आता त्याचे इवलेसे हात करायचे आहेत. पडद्यावर प्रत्येक हाताला तीन बोटे दिसतात. जीवाश्म सांगतात, दोन. छंदिष्टाने किती करावीत?

उत्तर देण्यापूर्वी ती तीन बोटे आली कोठून हे पाहू.

‘किंग काँग’मधले प्राणी हलवले ते विलिस ओब्रायन यांनी. १८८६ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या गृहस्थांनी तरुणपणी नाना उद्योग केले. त्यांची युक्ती सांगायला सोपी, करायला जीवघेणी. आकृती केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा चित्र. सेकंदाला २४ चित्रे या हिशेबाने एका मिनिटाच्या हालचालीला १४४० चित्रे लागतात! १९१५ मध्ये त्यांनी आदिमानव आणि डायनोसॉर यांचा एक छोटा विनोदी चित्रपट केला.

त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईत दादासाहेब फाळके हीच युक्ती वापरत होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रे रोज घेतली. ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. भारतीय चित्रपटाच्या आरंभी वनस्पतिशास्त्राचा एक धडा आहे, हे वर्गात सांगायला आम्हाला नेहमीच आवडते. फाळक्यांनी पुढे काड्यापेटीतल्या काड्याही अशाच नाचवल्या.

ओब्रायन यांचे डायनोसॉर १९२५ पर्यंत इतके सफाईदार झाले की ‘द लॉस्ट वर्ल्ड’ पाहून लोक थक्क झाले. मूळ कादंबरीचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी त्यातील काही चाचणीचित्रे १९२२ मध्ये न्यूयॉर्कला जादूगारांच्या एका मेजवानीत काही न सांगता दाखवली होती. चित्रे खरी की खोटी, याची चर्चा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात रंगली.

‘किंग काँग’साठी आकृती घडवल्या मार्सेल डेलगाडो यांनी. आत पोलादी सांगाडा आणि त्याला उखळीचे सांधे, म्हणजे खांदा-खुब्याला असतात तसे. वर रबराचे स्नायू आणि काँगच्या अंगावर सशाची लोकर. जंगलातल्या प्रसंगांसाठी काँग सुमारे १८ इंचांचा होता आणि तो १८ फुटांचा भासवायचा होता, म्हणजे प्रमाण एकास बारा. प्रत्येक चित्रागणिक हाताळताना बोटांनी ही लोकर विस्कटे, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सतत सळसळताना दिसतात. जंगल म्हणजे एकामागे एक ठेवलेल्या रंगवलेल्या काचा आणि त्यांच्यामध्ये खोटी झाडे. डायोरामा हा शब्द १८२२ मध्ये पॅरिसला दागेर आणि बूतों यांच्या रंगवलेल्या पडद्यांच्या व प्रकाशाच्या खेळासाठी रूढ झाला होता. ओब्रायन यांचे जंगल हे त्याच घराण्यातले.

आता बोटे. टायरानोसॉरसचे नामकरण १९०५ मध्ये हेन्री ऑसबॉर्न यांनी केले. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा उभा राहिला. या प्राण्याचा पुरा हात तोवर कोणाला मिळाला नव्हता. तेव्हा इतर मांसाहारी डायनोसॉरांवरून अंदाज बांधून सांगाड्याला तीन बोटे बसवण्यात आली. शेपूटही जमिनीवर टेकवलेली, धड कांगारूसारखे उभे. चार्ल्स नाईट यांच्या गाजलेल्या चित्रांतही त्या काळच्या अशाच कल्पना उमटल्या आणि डेलगाडो-ओब्रायन यांच्यासमोर नाईट यांची चित्रे होती. थोडक्यात, ही चूक स्टुडिओत झालेली नाही. ती संग्रहालयातून चालत आली.

गंमत अशी की १९१४ मध्येच लॉरेन्स लॅम्ब यांनी टायरानोसॉरसचा जवळचा नातेवाईक गोर्गोसॉरस याचे वर्णन केले होते आणि त्याला दोनच बोटे होती. नातेवाइकाला दोन, तर यालाही दोनच असावीत, हा तर्क तेव्हाही करता येत होता. टायरानोसॉरसचा स्वतःचा पुरा हात मिळायला मात्र १९८८ साल उजाडावे लागले. तो सांगाडा अमेरिकेतील मोंटाना राज्यात सापडला.

प्रतिकृतीत एका काळाचा अंदाज गोठून राहण्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. लंडनमधील क्रिस्टल पॅलेस सिडनहॅमला हलवला तेव्हा, १८५४ मध्ये, तेथील बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने नामशेष प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले. बेटांवर, तळ्याकाठी, प्राण्यांच्या काळाला शोभेल अशा खडकांत. जगातला हा पहिला मोठा डायनोसॉर-देखावा म्हणता येईल. त्याआधी ३१ डिसेंबर १८५३ रोजी इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून विद्वानांना मेजवानीही देण्यात आली. या इग्वानोडॉनच्या नाकावर हॉकिन्स यांनी गेंड्यासारखे शिंग बसवले. १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे पुरे सांगाडे निघाले आणि लुई डोलो यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले, की ते शिंग म्हणजे अंगठ्यावरचा काटा होता. तोवर हॉकिन्स यांच्या प्राण्यांच्या छोट्या प्रतिकृती शिक्षणसाहित्य म्हणून विकल्याही गेल्या होत्या. वर्गात टेबलावर ठेवलेली वस्तू पुस्तकातल्या वाक्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहते. चुकीची वस्तूही तितकीच राहते.

‘किंग काँग’ पाहून घरी गेलेल्या मुलांपैकी एक होता रे हॅरीहाउसेन. लॉस एंजेलिसच्या या मुलाने घरच्या गॅरेजमध्ये आकृती करायला सुरुवात केली. वडील यंत्रकारागीर, ते सांध्यांचे भाग घडवून देत. गुहेतल्या अस्वलाच्या अंगावर आईचा फरकोट चढला. पुढे त्याने आपल्या आकृती ओब्रायन यांना दाखवल्या. ओब्रायन यांनी स्टेगोसॉरसचे पाय पाहिले आणि ते सॉसेजसारखे दिसतात, शरीररचनाशास्त्र शिकून ये, असे स्पष्ट सांगितले. मुलाने रात्रीच्या वर्गात जाऊन ते शिकून घेतले. आम्हाला या हकिकतीत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. छंदाच्या पोटी हाडे आणि स्नायू शिकावे लागले. १९४९ च्या ‘मायटी जो यंग’मध्ये दोघांनी एकत्र काम केले. १९६३ च्या चित्रपटात हॅरीहाउसेन यांनी सात सांगाडे तलवारी घेऊन लढवले, त्या काही मिनिटांना साडेचार महिने लागले.

अर्थात याच हॅरीहाउसेन यांनी १९६६ मध्ये ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’मध्ये माणूस आणि डायनोसॉर शेजारी शेजारी आणले. मधले साडेसहा कोटी वर्षांचे अंतर एका चौकटीत मिटले. हे चित्रपट प्राध्यापकांसाठी नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य. पण गुहेतला माणूस डायनोसॉरची शिकार करतो असे उत्तरपत्रिकेत वाचताना प्राध्यापकांनाच त्रास होतो.

मग बाजारात आकृती आल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑरोरा कंपनीने चित्रपटातील राक्षसांचे, घरी जोडायचे प्लास्टिकचे संच काढले. १९६४ मध्ये हॅस्ब्रोने ‘जी. आय. जो’ हा सुमारे फूटभर उंचीचा सैनिक आणला आणि मुलगे ‘बाहुली’ विकत घेणार नाहीत म्हणून त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हटले. फूटभर उंची म्हणजे एकास सहा प्रमाण. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आल्यावर केनर कंपनीपुढे अडचण उभी राहिली. फूटभर माणसांच्या प्रमाणात अंतराळयान केले तर ते पाच मीटरांहून लांब होणार! म्हणून माणसे पावणेचार इंचांची, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरांची झाली. प्रमाण साधारण एकास अठरा. त्या नाताळापर्यंत खेळणी तयारच झाली नाहीत, तेव्हा कंपनीने नंतर आकृती मिळतील असे प्रमाणपत्र घातलेली खोकी विकली आणि ती खपली.

प्रमाण हाच या छंदाचा पाया. आपल्या मुलांना तो दिवाळीच्या किल्ल्यावर भेटतो. आठ सेंटिमीटरांचा मावळा हा १६० सेंटिमीटरांचा माणूस मानला तर प्रमाण एकास वीस. मग सहा मीटर उंचीचा दरवाजा ३० सेंटिमीटरांचा हवा. आपल्या बहुतेक किल्ल्यांवर मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, आणि महाराज बुरुजाहून उंच असतात. महाराजांच्या बाबतीत आमची हरकत नाही.

छंदिष्ट मंडळी बाजारची आकृती घेऊन तिचे डोके बदलतात, जुने तपशील घासून काढतात आणि नवे एपॉक्सी पुटीने घडवतात. नळाची गळती थांबवायला आपण दोन गोळ्या एकत्र मळून लावतो, तीच ही जात. मळल्यावर रेणूंची जाळी विणली जाते आणि उष्णता बाहेर पडते. थोडा वेळ हात चालवायला मिळतो, मग दगड. मूळ आकृतीवरून सिलिकोन रबराचा साचा घेतात. साचा लवचीक असल्याने खाचाखोचांतूनही सुटतो, आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यांत रबरी साचे वापरतात त्याच कारणाने. रंग मुळापेक्षा किंचित फिका घेतात, कारण दूरच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे फिका दिसण्याची डोळ्याला सवय असते. जपानमध्ये अशा घरगुती साच्यांतल्या संचांना ‘गॅरेज किट’ नाव पडले. तेथे १९८५ पासून भरणाऱ्या ‘वंडर फेस्टिव्हल’मध्ये चित्रपटांतील पात्रे विकण्यासाठी फक्त त्या एका दिवसापुरता परवाना देण्याची सोय निघाली.

१९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ने बोटांचा वाद मिटवला, त्यातील टायरानोसॉरस दोन बोटांचा आणि शेपूट उचलून धावणारा आहे. पण नवा वाद निर्माण केला. त्यातला व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा उंच दिसतो. खरा प्राणी शेपटीसह जेमतेम दोन मीटर लांब आणि कमरेशी अर्धा मीटर उंच होता. एकास अठरा प्रमाणात तो शेपटीसह ११ सेंटिमीटरांचा आणि कमरेला तीन सेंटिमीटरांहूनही ठेंगणा भरतो. शेजारच्या माणसाच्या मांडीपर्यंतसुद्धा धड पोचत नाही. शिवाय २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांचे उंचवटे सापडले. तेव्हा खऱ्या व्हेलोसिरॅप्टरला पिसे हवीत आणि चित्रपटातल्याला ती नकोत.

आमचे मत विचाराल तर ‘किंग काँग’च्या देखाव्यात तीनच बोटे करावीत. तो देखावा क्रेटेशस काळाचा नाही, १९३३ चा आहे. दोन बोटे करणारा माणूस त्या काळाच्या तोंडी आपले ज्ञान घालतो. पण तीच आकृती शाळेच्या कपाटात ‘टायरानोसॉरस’ एवढीच चिठ्ठी लावून ठेवली, तर ती खोटे बोलू लागते. आकृती तीच, चिठ्ठीने तिचा अर्थ बदलतो. आणि शाळांच्या कपाटांत चिठ्ठ्या कशा असतात हे वाचक जाणतातच.

न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनीही मुलगा असताना काँगची तारेची आकृती केली होती. तिच्यावरही आईचीच फर चढली. (या छंदाचा इतिहास मातांच्या फरकोटांवाचून अपुरा आहे.) २००५ मध्ये त्यांनी ‘किंग काँग’ नव्याने केला तेव्हा बोटांच्या प्रश्नाला वेगळेच उत्तर दिले. झुंजणाऱ्या प्राण्यांना तीन बोटे दिली, पण त्यांना टायरानोसॉरस म्हटलेच नाही. ते त्याच्यापासून बेटावर उत्क्रांत झालेले काल्पनिक ‘व्हॅस्टाटोसॉरस रेक्स’ ठरवले. त्याच वर्षी मूळ चित्रपटातून वगळलेला आणि हरवलेला कोळ्यांच्या दरीचा प्रसंग त्यांनी जुन्याच पद्धतीने, छोट्या आकृती एकेका चित्राने हलवून पुन्हा चित्रित केला.

जुने पुन्हा उभे करताना नवे ज्ञान वापरायचे की नाही, हा प्रश्न हॉकिन्स यांच्या पुतळ्यांच्याही वाट्याला आला. मे २०२० मध्ये सिडनहॅमच्या बागेतील मेगॅलोसॉरसचा जबडा गळून पडला. हा प्राणी दोन पायांवर चालणारा होता हे आता सर्वांना ठाऊक आहे. पुतळा चार जाड पायांवर उभा आहे. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा त्याला हॉकिन्स यांच्या घडणीप्रमाणेच केलेला जबडा मिळाला, आणि शेजारच्या इग्वानोडॉनच्या नाकावरचे शिंगही जागच्या जागी आहे.