कारापूरच्या तिस्कावरचे दोन जॅक

मे महिन्यातली दुपार. कारापूरच्या तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, एक ट्रक चाक बसल्यामुळे कडेला लागला होता. "जॅक काड रे, बेगीन!" ड्रायव्हर ओरडला. सीटमागचा जॅक हाताला लागावा म्हणून क्लीनरने आधी एक दांडगा फणस बाहेर काढून रस्त्याकडेला ठेवला आणि मग तो लोखंडी जॅक ओढला. फणसाच्या देठातून चीक ठिबकत होता, जॅकच्या मळसूत्राला ग्रीस माखलं होतं. इंग्रजीत या दोघांचं नाव एकच, आणि दोघांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही!

लोखंडी जॅकची कथा थोडक्यात उरकतो. जॉन या नावाचं ते लाडकं रूप. फ्रेंच 'झाक'शी त्याचा संबंध जोडणारे आहेत, पण ऑक्सफर्डचे ग्रंथपाल निकल्सन यांनी 1892 मध्ये जॉन, जँकिन, जॅक अशी वंशावळ मांडली आणि ती मला पटते. घरोघरी जॅक इतके झाले की नोकर पोऱ्या म्हणजेच जॅक. मग पोऱ्याचं काम करणारं यंत्र जॅक, पत्त्यातला गुलामही जॅक. आपला 'गुलाम' तर अर्थ अगदी नेमका धरतो.

फळाचा जॅक मात्र मल्याळी आहे. मूळ शब्द 'चक्क'. पोर्तुगीजांनी त्याचा 'जाका' केला आणि इंग्रजांनी तो उचलला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात 'जाका'वर लिहिलं आहे. आता, पोर्तुगीजांची राजधानी गोव्यात आणि नाव मलबारचं, हे कसं? कारण साधं आहे. पोर्तुगीज कालिकतला उतरले 1498 मध्ये, गोवा घेतला 1510 मध्ये. बाजारातली नावं त्या बारा वर्षांत तोंडात बसली होती. आंब्याचा मँगो आणि काथ्याचा कॉयर झाला तोही तिकडच्या 'माङ्ङ' आणि 'कयर'वरून. कारापूर ज्यात येतं तो आमचा डिचोली महाल तर पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादींतला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो त्यांच्या हाती गेला, तोवर 'जाका' जगभर फिरून आला होता. इथे पणस तो पणसच राहिला, कापो आणि रसाळ.

विल्यम जॅक या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून फळाला नाव पडलं, असंही कुणी सुचवलं आहे. हा मनुष्य जन्मला 1795 मध्ये. ओर्ताचं पुस्तक त्याआधी सव्वादोनशे वर्षांचं. त्या मताचा निकाल तिथेच लागतो. दुसरं मत 'चक्क' संस्कृत 'चक्र'वरून आणतं, फळ गोल म्हणून. फणस कुणी चाकासारखा पाहिला आहे? तमिळमध्ये 'चक्कै' म्हणजे फणस आणि रस काढून उरलेला चोथाही. ज्याने फणस फोडून गरे काढले आहेत, त्या गऱ्यांभोवतीचा चिवट पसारा हातांनी उपसला आहे, त्याला दुसरं प्रमाण नको.

खरी मौज 'च'चा 'ज' कसा झाला यात आहे. पोर्तुगीजांच्या आधी, चौदाव्या शतकात, कोल्लमच्या पाद्री जॉर्डानसने 'चाकी' लिहिलं होतं, म्हणजे 'च' शाबूत होता. पोर्तुगीजांचा 'ज' मी कानाचा दोष म्हणून सोडून देणार होतो. मग गुळाकडे लक्ष गेलं. मल्याळी 'चक्कर', त्याचा पोर्तुगीज 'जाग्रा', त्याचा इंग्रजी जॅगरी. अगदी तोच बदल! आणि तिसरा साक्षीदार तराफा: मल्याळी 'चङ्ङाडम', पोर्तुगीज 'जांगाडा'. हा तर आपल्या सांगडीचा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ 'संघाट'. एकदा झाला असता तर चूक म्हटलं असतं. फणस, गूळ आणि तराफा या तिघांच्या बाबतीत तेच घडलं, म्हणजे ती जिभेची सवय होती. माझा तर्क असा की, हे शब्द पुस्तकातून गेले नाहीत, धक्क्यावर माल चढवताना तोंडातोंडी गेले, म्हणून तिघेही एकाच साच्यातून निघाले.

इंग्रज आधी फळाला नुसतंच 'जॅक' म्हणत. पुढे त्याला 'फ्रूट' जोडलं. घरात आधीच इतके जॅक असताना हा कोणता, ते सांगणं भाग पडलं असणार.

तिस्कावर चाक बदलून झालं. क्लीनरने जॅक पुसून सीटमागे टाकला, आणि फणस? तो उन्हाने तापून घमघमायला लागला होता. ड्रायव्हरने तो मांडीवर घेतला.