नाल कोण घेतो?

दिवाळीची भाऊबीज आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दुकाने, पाळणे आणि दंडार, रात्री नाटक. माझ्या लहानपणी या साऱ्या गर्दीच्या मागे, जरा अंधारात, एक कंदील लावलेला असायचा. जमिनीवर सहा चित्रांचे फडके अंथरलेले. झेंडी, मुंडी आणि पत्त्यांचे चार रंग. आम्ही पोरे लांबूनच पाहायचो. जवळ जायची हिंमत नव्हती, कारण घरी आजी होती.

आजीला या खेळाचा राग यायला कारण होते. माझ्या आजोबांनी धानाची एक चांगली बांधी जुगारापायी घालवली होती. एका रात्रीत नव्हे. थोडे हरले, ते भरून काढायला कर्ज काढले, ते कर्ज फेडायला पुन्हा बसले. शेवटी बांधी सावकाराकडे गेली. आजी सांगायची, "हरला तो तर गेलाच, जिंकला तोही दुसऱ्या दिवशी गेला. घरी पैसा नेला तो फक्त नालवाल्यानं."

नाल म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना कदाचित सांगावे लागेल. जुगाराचा अड्डा ज्याच्या जागेत चालतो, तो स्वतः खेळत नाही. तो जागा देतो, पत्ते देतो, चहापाणी पाहतो आणि प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. तो वाटा म्हणजे नाल. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर जुगाराच्या कायद्यांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा आजीच्या त्या एका वाक्याने मला फार मदत केली. हा सारा इतिहास दोन गोष्टींभोवती फिरतो. खेळ चालतो कुठे? आणि नाल घेतो कोण?

जुगाराची कथा आपल्या विदर्भाला नवीन नाही. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिचा नवरा नळ फाशांच्या खेळात सगळे राज्य हरला आणि दोघे नेसत्या वस्त्रानिशी रानात गेले. ऋग्वेदातही एका जुगाऱ्याचा विलाप आहे. राजाने याचे काय करावे, यावर मात्र आपल्या जुन्या शास्त्रकारांत एकमत नव्हते. मनूने सांगितले, राजाने जुगार राज्यातून हद्दपार करावा. कौटिल्य व्यवहारी माणूस. त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमायला सांगितला. खेळ एकाच ठरलेल्या जागी व्हावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला १२ पण दंड, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ राजाच्या तिजोरीत. म्हणजे नाल राजाने घ्यावी! बंदी की परवाना, हा वाद असा दोन हजार वर्षांचा आहे.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. भंडारा त्यात होता. पुढे १८६७ साली सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला. तो वायव्य प्रांत, पंजाब, अवध यांच्याबरोबर मध्य प्रांतालाही लागू होता. आमच्या जिल्ह्याचा हा पहिला आधुनिक जुगार कायदा.

हा कायदा वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्याचा सगळा भर घरावर आहे. अड्डा म्हणजे असे घर, खोली किंवा भिंतीने वेढलेली जागा, जिथे मालकाच्या फायद्यासाठी पत्ते, फासे ठेवलेले आहेत. पोलिसांनी त्या घरात शिरावे, साहित्य जप्त करावे. अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. तिथे सापडलेल्या खेळणाऱ्याला १०० रुपयांपर्यंत दंड किंवा १ महिन्यापर्यंत कैद. रस्त्यावर जुगार खेळणारे आणि कोंबडे झुंजवणारे यांच्यासाठी वेगळे कलम होते. निव्वळ कौशल्याच्या खेळाला मात्र हा कायदा लागू नाही, असेही एक छोटे वाक्य त्यात होते. या छोट्या वाक्याने पुढे दीडशे वर्षे वकिलांना काम दिले.

मालकाच्या फायद्यासाठी, हे त्या व्याख्येतले शब्द ध्यानात ठेवावेत. नालीवर कायद्याचे बोट तेव्हाच पडले होते. पण पकडायचे कसे, तर घर शोधून. आणि जुगाराने लवकरच घर सोडले.

मुंबई इलाख्याचा स्वतंत्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ साली झाला. तेव्हा मुंबईत पावसावर सट्टा चाले. ठरलेल्या वेळात छपराची पन्हळ वाहील की नाही, यावर पैसे लागत. ना पत्ते, ना फासे. पाऊस काही अड्डेवाल्याच्या मालकीचा नव्हे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १८८९ साली न्यायालयाने म्हटले, पावसावर पैज लावणे हे कायद्यातल्या जुगाराच्या व्याख्येत बसत नाही. मग १८९० साली सरकारने व्याख्या रुंद केली. जुगार पुढे, कायदा मागे, अशी ही शर्यत तेव्हापासूनची आहे.

दुसरा प्रसंग शब्दकोड्यांचा. गेल्या शतकाच्या मध्यावर बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे देशभर वेड होते. कूपन भरायचे, प्रवेश फी पाठवायची आणि संपादकाच्या पेटीत बंद असलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळते का, याची वाट पाहायची. बंगलोरहून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकाच्या कोड्यांना मुंबई राज्यातून भरपूर गिऱ्हाईक होते. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याखाली कर मागितला. मालक म्हणाले, आमचे छापखान्यासह सगळे बंगलोरला, तुमचा अधिकार काय? हा चमारबागवाला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ साली निकाल लागला. लोक मुंबई राज्यात बसून फी भरतात, एवढा संबंध पुरेसा आहे, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, हेही स्पष्ट केले. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचाही उल्लेख आहे.

हा खटला मला महत्त्वाचा वाटतो. अड्डा दुसऱ्या राज्यात, खेळणारा आपल्या घरी, मध्ये फक्त टपाल. टपालाच्या जागी मोबाइल ठेवा, आजचा प्रश्न तयार!

एव्हाना आमचा जिल्हाही मुंबईशी जोडला गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि मुंबईचाच जुगार कायदा आमच्याकडेही लागू झाला. संविधानाने सट्टा आणि जुगार हा विषय राज्यांकडे दिला होता. त्याच सुमारास मटका जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईत येत, त्यांच्या आकड्यांवर आधी पैसे लागत. ते भाव बंद झाल्यावर १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठी काढून आकडा ठरू लागला. मुंबईत मटका म्हणत, आमच्याकडे सट्टापट्टी. पानठेल्यावर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला की झाले. घर नाही, फड नाही. आजही आमच्या वर्तमानपत्रांत सट्टापट्टीच्या बातमीखाली कलम १२ (अ) छापून येते. पकडला जातो बहुधा चिठ्ठी लिहिणारा. आकडा काढणारा दूर असतो.

१९६९ साली राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली. लोक खेळणारच असतील तर पैसा निदान सरकारी कामी यावा, हा विचार. कौटिल्याचाच विचार म्हणा. पण एकदा सरकार नाल घेऊ लागले की इतरांना खेळू नका म्हणताना त्याचा आवाज थोडा खाली येतो, हेही खरे.

पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली, मग फोन आले आणि क्रिकेट हाच मोठा फड झाला. खायवाडी, लगवाडी हे शब्द नागपूर-गोंदियाकडे पोरांच्या तोंडी बसले. २००० साली सामना-निश्चितीचे प्रकरण उघडकीला आले, २०१३ साली आयपीएलमधले. त्यानंतर न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ साली क्रिकेटवरची पैज कडक नियमांखाली कायदेशीर करावी, असे सुचवले. विधी आयोगानेही २०१८ च्या अहवालात, बंदी साधत नसेल तर नियमन करावे, असे म्हटले. ब्रिटनने हा मार्ग १९६० च्या कायद्यानेच धरला होता. तिथे पैज लावण्याची दुकाने परवान्याने चालतात. पण ऑनलाइन कंपन्या देशाबाहेर जाऊन बसल्या, तेव्हा २०१४ साली त्यांनाही कायदा बदलावा लागला. कंपनी कुठे आहे ते न पाहता गिऱ्हाईक कुठे बसले आहे ते पाहायचे, असे ठरले. आपल्या न्यायालयाने शब्दकोड्यांच्या वेळी लावलेलीच ही कसोटी.

आपल्याकडे मात्र त्या छोट्या वाक्याची, निव्वळ कौशल्याची, ढाल पुढे आली. रमीत कौशल्य प्रधान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते. घोड्यांच्या शर्यतीबद्दल १९९६ साली तसेच म्हटले. खेळाडू निवडून काल्पनिक संघ बनवण्याच्या खेळाविरुद्धचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळला. सिक्कीमने २००८ सालीच ऑनलाइन खेळांच्या परवान्याचा कायदा केला, तेलंगणाने २०१७ साली बंदी घातली. राज्याची सीमा मोबाइलला कुठे कळते? ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राने अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावला.

ही केवळ कायद्याची गोष्ट राहिली नव्हती. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियात धाड घातली. गोंदिया म्हणजे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन खेळात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार केली होती. धाडीत कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी सापडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने महादेव या ॲपसह २२ बेकायदा पैजेची ॲप आणि संकेतस्थळे बंद केली. महादेवचे धागेदोरे आमच्याच रेल्वेमार्गावरच्या भिलाईपासून दुबईपर्यंत गेले होते.

शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. त्याने कौशल्य की नशीब हा जुना प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या आशेने ऑनलाइन खेळायचा खेळ असेल तर तो चालवायला बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. या कायद्याला आव्हान देणारे अर्ज कंपन्यांनी केले. नुसत्या बंदीने लोक परदेशी, चोरट्या ॲपकडे वळतील, हा त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मटक्याचा इतिहास तेच सांगतो.

तरीही या कायद्यातली एक गोष्ट मला पटते. १८६७ च्या कायद्याने खेळणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवले होते. नव्या कायद्याने त्याला बाजूला काढले आणि बोट नालवाल्याकडे वळवले. घर शोधण्याऐवजी पैशाची वाट शोधायची ठरवली. घर बदलते, फासे बदलतात. नाल तेवढी दरवेळी कुणाच्या तरी हातात जातेच.

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. बराच वेळ धानाच्या भावावर बोलला. मग खाली पाहून म्हणाला, "सर, सुरुवातीले तर मी जिंकतच होतो जी." पुढचे त्याला सांगावे लागले नाही. मोबाइलवर पैजा, मग मित्रांची उधारी, मग बायकोचे दागिने. आता ज्याच्यामार्फत तो खेळायचा, तो माणूस उरलेल्या पैशांसाठी शेतीचा कागद मागत होता.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३०. पैजेत हरलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही, म्हणून कुठल्याही कागदावर सही करू नकोस. धमकी आली तर वकिलाला घेऊन पोलिसांकडे जा. उधारीचे पैसे मात्र फेडावेच लागतील. दुसरी गोष्ट, आज रात्री बायकोला सगळे सांग. तो गप्प बसला. दुसरी गोष्टच त्याला जास्त जड वाटत होती.

आजोबांनीही आजीला शेवटी सांगितले होते. पण तेव्हा बांधी गेलेली होती. याच्याकडे शेत अजून आहे. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "सर, सांगतो आजच." मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)