फटफटीची किंमत : हाली, कलदार आणि आजचा भाव



पुसेगाव म्हटलं की बहुतेकींना सेवागिरी महाराजांचं, साताऱ्याकडचं पुसेगाव आठवतं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. तिथल्या माळवदाच्या घरात बळदाशेजारी सासऱ्यांची बीएसए फटफटी चाळीस वर्षं पोत्यांखाली उभी आहे. घराची वाटणी ठरली आणि तिची किंमत काढायची वेळ आली. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने नुसता फोटो बघून लाखांची भाषा केली. वारस चौघं, त्यांत दोन नणंदा. म्हणजे चौघांपुढे ठेवता येईल असा आकडा हवा, आणि तो कुठून आला हेही सांगता यायला हवं.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. हा १८६१ साली निघालेला इंग्लंडमधला बंदुकांचा कारखाना. मोटारसायकली १९१० पासून. कंपनीचं चिन्हच एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका! अहिंसेचं व्रत घेतलेल्या घरात हे चिन्ह इतकी वर्षं नांदलं आणि कुणी त्याचा अर्थ विचारला नाही, याचं मला हसू येतं. एम-२० हे ४९६ सीसीचं मॉडेल दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणाऱ्या शिपायांसाठी सव्वा लाखाहून जास्त तयार झालं. युद्ध संपल्यावर लष्कराने जादा गाड्या विकायला काढल्या आणि त्या व्यापारी, डॉक्टर, जमीनदारांच्या दारात आल्या. तेव्हा आपल्याकडे गाड्या बनतच कुठे होत्या? बुलेट मद्रासला जुळायला लागली १९५५ साली, मैसूरची जावा त्याच्याही नंतर. किमतीच्या दृष्टीने यातला सव्वा लाखाचा आकडा महत्त्वाचा. गाडी जुनी आहे, पण दुर्मीळ नाही. बीएसएच्याच गोल्ड स्टारला जो मान आहे तो एम-२० ला नाही.

सासऱ्यांच्या वहीत खरेदी १९५१ सालची आहे, १,०५० रुपये. मुलं लगेच हिशेबाला बसली, पण हे रुपये हाली आहेत. आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षं हाली सिक्का चालत होता. इंग्रजी रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत. १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सात हालीचे सहा कलदार. म्हणून १,०५० हालीचे झाले ९०० कलदार. जुन्या घरातल्या कुठल्याही वहीतला आकडा वापरण्याआधी हे बघाच. दागिन्यांच्या नोंदींनाही हेच लागू.

हे ९०० रुपये घेऊन पुढे काय करायचं? कॉलेजात शिकलेला घसारा लावून पाहिला. दर वर्षी घटत्या रकमेवर १५ टक्के काढत गेलं तर ७४ वर्षांनी पुस्तकात अर्धा पैसा उरतो. भंगारवालासुद्धा त्याहून बरा! पुस्तकी किंमत यंत्राचा उपयोग किती उरला ते सांगते. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक उपयोगाला पैसे देतच नाही. ते खरेपणाला पैसे देतं. इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर नोंदणी पुस्तकाशी जुळतो का, भाग मूळचे किती, कागद सलग आहेत का. आमचं पुस्तक हैदराबाद राज्यातलं. त्यानंतर मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला. गाडी जागची हलली नाही, पण तिचं सरकार बदलत गेलं.

नंबर जुळले. पण टाकी आणि कार्ब्युरेटर मागे कधीतरी मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचे बसवलेले निघाले. घरातूनच सूचना आली की गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगू. स्वाध्यायाला बसणाऱ्या बहिणींना तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय सांगायला नको. अचौर्याच्या पाच अतिचारांत शेवटचा प्रतिरूपकव्यवहार, खऱ्यात नकली मिसळून खऱ्याच्या भावाने विकणं. आपण तिथे दुधात पाणी, तुपात डालडा हीच उदाहरणं देतो. मला वाटतं, बदललेली टाकी मूळची म्हणून जाऊ देणंही त्यातच येतं. चिठ्ठीवर दोन्ही भाग लिहून दिले. पुण्याचा आकडा बराच खाली आला आणि दोन दिवस घरात बोलाचाली झाली. धाकट्या नणंदबाई मात्र म्हणाल्या, वहिनी, माझ्या वाट्याचं कमी झालं तरी चालेल, चिठ्ठी तशीच राहू द्या.

कायद्याचंही बघा. मालक वारले की गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, मगच विक्री. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरतीच. किंमत सांगताना गिऱ्हाईक हा खर्च वजा करणारच.

आणि आयकर. घरातली वापराची वस्तू विकली तर कर नाही, असं सगळे सांगतात. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९३१ सालच्या फोर्ड मोटारीचं प्रकरण होतं. १९८३ साली २०,००० ला घेतलेली, पुढे २१ लाखांना विकलेली. मालकाने स्वतः वापरल्याचा पुरावा नव्हता, म्हणून २०२५ साली न्यायालयाने नफा करपात्र ठरवला. चाळीस वर्षं पोत्यांखाली असलेल्या फटफटीला वापराची म्हणणं त्यामुळे अवघडच. मात्र १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेला त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. म्हणून मूल्यांकन करणाऱ्याकडून दोन आकडे लेखी घ्यायचे, एक आजचा आणि एक त्या तारखेचा. आमचा आजचा आला आहे, २००१ चा अजून यायचा आहे.